बोलेरोच्या मागे आईचा ओटा: हिचवरच्या कॅम्प किचनच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

सुरुवात करतेय. बाबांची बोलेरो, तिच्या मागे हिच (ट्रेलर ओढायला लावतात तो लोखंडी जोड), आणि हिचमध्ये अडकवायची किचनची पेटी. परदेशात हे रेडिमेड मिळतं, चौकोनी रिसीव्हरमध्ये, म्हणजे गाडीला लावलेल्या पोकळ पाईपात, आर्म, म्हणजे पेटी धरणारा दांडा, घातला, पिन मारली की झालं, आपल्याकडे मात्र सगळं बनवूनच घ्यावं लागणार.

हे करायचं कारण आई. आम्ही लहानपणापासून पानशेतच्या बाजूला जातोय, तीन दगडांवर चूल, पिठलं-भाकरी, सगळं आई जमिनीवर बसून करायची. आता गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही आणि गेल्या वर्षी तर ती नुसती खुर्चीत बसून आम्ही मॅगी करताना बघत राहिली, ते मला अजिबात बघवलं नाही. फोल्डिंग टेबल नेऊन झालं, ते हलतं, आणि हलत्या टेबलावर भाकरी थापता येत नाही. म्हणून या किचनची एकच परीक्षा ठरवली आहे: आईला उभं राहून त्यावर ज्वारीची भाकरी थापता आली पाहिजे. बाकी दिवे, नळ, ड्रॉवर वगैरे नंतर बघू.

मापं घेतली. घरचा ओटा ३३ इंच, आईला तोच बरोबर बसतो. पण शेगडी ओट्यावर ठेवली की तवा ३७ इंचांवर जातो आणि तिचे खांदे वर येतात, घरी इतकी वर्षं ती तशीच करतेय हे मला आज टेप लावल्यावर कळलं. इथे शेगडी खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवणार, २७ इंचांवर.

२५ सप्टेंबर, बुधवार

संध्याकाळपासून धो धो पाऊस, सिंहगड रोड तुंबलेला, घरी पोचायलाच दोन तास. रात्री वही घेऊन वजनाचा हिशोब केला आणि प्लॅनच बदलला.

आधी डोक्यात होतं की पेटी हिचवर टांगूनच पुण्याहून निघायचं. वजनं अशी धरली: आर्म आणि फ्रेम १४ किलो, रिकामी पेटी २१, शेगडी-भांडी ९, गॅसचा छोटा ५ किलोवाला सिलेंडर भरलेला साडेबारा (बाथरूमच्या काट्यावर केला), पाण्याचा २० लिटरचा कॅन २१. एकूण साडेसत्त्याहत्तर किलो. आता बोलेरोचा व्हीलबेस २६८० मिमी, आणि पेटीचा मध्य मागच्या एक्सलच्या साधारण १२०० मिमी मागे येतो, म्हणजे तरफेसारखं होतं, मागच्या एक्सलवर ७७ नाही तर ११२ किलो पडतात आणि पुढची चाकं ३५ किलोने हलकी होतात. ज्या चाकांनी वळायचं तीच हलकी, घाटात हे मला नको. शिवाय मागची नंबर प्लेट आणि लाईट झाकले जाणार, ते तर चालणारच नाही.

त्यामुळे ठरलं की पेटी प्रवासात गाडीच्या आत, मागच्या समोरासमोरच्या सीट दुमडून. कॅम्पवर पोचलो, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले की मगच हिचवर. सिलेंडर आणि पाणी तर टांगायचंच नाही, दोन्ही जमिनीवर. म्हणजे हिचवर फक्त ४४ किलो, तेही उभ्या गाडीला.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग हिच कशाला, चार पाय लाव पेटीला." रास्त प्रश्न आहे. पण चार पाय उंचसखल जमिनीवर कधीच चारही टेकत नाहीत, एक अधांतरी राहतो आणि तिथेच भाकरीची वाट लागते. गाडी दीड टनाची आहे, तिला धरून उभं राहिलेलं काहीही टेबलापेक्षा घट्टच असणार.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी होती म्हणून मंगळवार पेठेत जुन्या बाजारात गेले. बुधवार आणि रविवार असा भरतो. निघताना आई म्हणाली आज सर्वपित्री अमावास्या आहे, आज लोखंड घरात आणू नकोस. मग नुसतं बघून आले, भाव विचारून आले. एका माणसाकडे ट्रॉलीचा जुना हब (चाक ज्यावर फिरतं तो मधला भाग) दिसला, दोन टेपर रोलर बेअरिंगवाला, त्याला म्हटलं दादा रविवारपर्यंत ठेवा. तो म्हणाला, ताई अमावास्येला कोण नेतंय, आहे तिथेच राहील.

६ ऑक्टोबर, रविवार

हब आणला. हब कशाला ते लिहून ठेवते. बोलेरोचं मागचं दार आडवं उघडतं आणि स्टेपनी त्याच दारावर. हिचवर पेटी बसली की दार अडणार, आणि आई-बाबा रात्री गाडीतच झोपतात, म्हणजे दार उघडायलाच हवं. म्हणून आर्म सरळ बाहेर ३०० मिमी, मग आडवा ५०० मिमी कोपऱ्यापर्यंत, तिथे हब उभा बसवायचा आणि त्यावर पेटीची फ्रेम, म्हणजे पेटी दारासारखी बाहेर फिरेल. आर्म दाराच्या खालून जातो त्यामुळे त्याची अडचण नाही. साधी बिजागरी चालली नसती कारण पेटी एका बाजूला लोंबकळते, वजन खालीही येतं आणि आडवंही ओढतं, टेपर रोलर दोन्ही सोसतं. चाकाला ठेवतात त्यापेक्षा नट थोडा जास्त आवळायचा, आपल्याला फिरकी नकोय.

नाना पेठेतून १२ मिमीचे ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट, १६ मिमीची पिन. पाईप धायरीत, फॅब्रिकेशनवाल्या काकांकडूनच, ७० रुपये किलोने. आर्मला ५०×५०×३, रिसीव्हरला ६०×६०×४, पेटीच्या फ्रेमला २५×२५×२.

व्हर्नियर लावला तर ५० चा पाईप ४९.५ भरतो आणि ६० च्या आतलं माप ५२. म्हणजे अडीच मिमीचा ढिलेपणा. काका म्हणाले एवढं चालतं, पाईप सहज आत गेला पाहिजे ना. मी पण हो म्हटलं. इथे चुकलं, खाली येईलच.

रिसीव्हर घेताना आतून बोट फिरवून बघा, वेल्डेड पाईपला आत शिवणीची धार असते आणि आर्म तिथेच अडकतो. लांब कानस घेऊन पाऊण तास ती घासली.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी ग्राइंडर, ड्रिल, पाने, गुण्या सगळं पाटावर मांडून पूजा, गाडीला झेंडूचा हार. संध्याकाळी धायरीला जाऊन रिसीव्हर बसवला. चासीला वेल्डिंग अजिबात नाही केलं, टो हुकची जी मूळ भोकं होती त्यालाच ब्रॅकेट, चार बोल्ट. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी चासीला उष्णता देणं मला मान्य नाही. बोल्ट काढले की गाडी होती तशी. रिसीव्हर बंपरच्या आत राहतो, बाहेर काही डोकावत नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

आर्मचं वेल्डिंग. काकांनी आधी एक बाजू पूर्ण मारली आणि थंड होताना पाईप ओढला गेला, ३०० मिमीला ६ मिमी वर. वेल्ड गार होताना आकसतो आणि ज्या बाजूला मारला तिकडे ओढतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं तरी घाईत झालं. मग उलट बाजूला गरम करून, पाणसळ ठेवून, हळूहळू परत आणला, जेवायची वेळ गेली त्यात. दुसरा जोड नीट केला: चारही कोपऱ्यांना टॅक (वेल्डचे छोटे टाके), मग समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून, मध्ये गार होऊ द्यायचं. गुण्या लावला तर तंतोतंत.

फ्रेम आर्मच्या लेव्हलपेक्षा २ इंच खाली घेतली आहे. रिसीव्हर जमिनीपासून २० इंच, पेटी १५ इंच, बेरीज ३५ होते आणि आईला ३३ हवंय.

२० ऑक्टोबर, रविवार

भवानी पेठेत टिंबर मार्केट. मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का बघून घेतला. १२ मिमीचा प्लाय चौरस मीटरला साधारण ८ किलो, ९ मिमीचा ६. म्हणून बूड आणि वरचा ओटा १२ चा, बाजू आणि कप्पे ९ चे. दुकानदार सगळं १८ मिमीमध्ये करा म्हणत होता, टिकेल म्हणे. टिकेल, पण उचलणार कोण.

पेटी ९०० लांब, ४०० खोल, ३८० उंच. डावीकडे शेगडीचा ड्रॉवर, मध्ये भांडी, उजवीकडे डबे. १८ इंची टेलिस्कोपिक चॅनल (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्या) पेटीच्या लांबीच्या दिशेने लावले, म्हणजे शेगडी बाजूला बाहेर येते आणि ओट्यासमोर उभ्या माणसाच्या पोटाशी जाळ येत नाही. शेगडीच्या कप्प्याच्या बुडाला २५ मिमीची चार भोकं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, त्याला वाट पाहिजे.

२७ ऑक्टोबर, रविवार

फराळाची गडबड. फक्त कडांना बीडिंग आणि आतून वॉर्निशचा एक हात.

१० नोव्हेंबर, रविवार

पहिल्यांदा सगळं जोडलं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. पेटी आत गेली, बाहेर आली, फ्रेमवर बसली, हबवर फिरली, दार उघडलं, पेटी बाहेर असताना दार बंद पण झालं, मला इतका आनंद झाला की वरच्या मजल्यावरच्या काकूंना हाक मारून दाखवलं. मग आईला खाली आणलं, परात ठेवली, पीठ मळलेलं होतंच.

तिने दोन थापा मारल्या आणि थांबली. "हलतंय गं."

खरंच हलत होतं. ओट्याचं बाहेरचं टोक प्रत्येक थापेला खाली जाऊन वर येत होतं, भाकरी पीठ सोडून परातीत फिरायच्या ऐवजी एका जागी दाबली जात होती, आणि तवा तर सरकतच होता. टोकाला पट्टी लावून मोजलं, ११ मिमी. घरी येऊन हिशोब केला तर अगदी तेच: अडीच मिमीचा ढिलेपणा, आर्म रिसीव्हरमध्ये २०० मिमी आत, टोक ९०० मिमीवर, म्हणजे अडीच भागिले २०० गुणिले ९००, सव्वा अकरा मिमी. पाईप वाकत नाहीये, वेल्डही पक्का आहे, नुसती फट टोकापर्यंत मोठी होत जाते. ट्रेलर ओढणाऱ्याला एवढी फट चालते, तो हिच ओढण्यासाठी असतो. भाकरी थापणं म्हणजे मिनिटाला पन्नास-साठ वेळा वरून हाताचा तडाखा, आणि कुठल्याही परदेशी डिझाइनमध्ये याचा विचार असणार नाही कारण तिकडे ओट्यावर कोणी असं थापत नाही.

आई म्हणाली, राहू दे, आपण पोळ्या करू. मी नाही म्हटलं. पोळ्या लाटायच्या असत्या तर टेबल होतं की.

१७ नोव्हेंबर, रविवार

तीन गोष्टी केल्या आणि तिन्ही लागल्या.

पहिली, रिसीव्हरच्या खालच्या बाजूला आणि एका कुशीला १२ चे नट वेल्ड करून त्यातून बोल्ट, आत पिन मारल्यावर हे दोन आवळले की आर्म वरच्या आणि समोरच्या भिंतीला जाऊन चिकटतो. एकच बोल्ट लावला असता तर वर-खाली थांबलं असतं पण डावं-उजवं राहिलं असतं. हलणं ११ वरून ३ मिमीवर आलं.

दुसरी, टोकाला पाय. सेंट्रिंगवाले वापरतात तसला आट्यांचा जॅक, छोटा, फ्रेमच्या बाहेरच्या कोपऱ्यात. हाताने फिरवून जमिनीला टेकवायचा आणि वर अर्धा फेरा जास्त द्यायचा, म्हणजे फ्रेम किंचित उचलली जाते आणि हबमधली, पिनमधली उरलेली फट पण खाल्ली जाते. हलणं शून्य म्हणावं इतकं. एका बाजूला गाडी आणि दुसऱ्या बाजूला एकच पाय, जमीन कशीही असो तो टेकतोच.

तिसरी, ज्या जागी परात येते तिथे ओट्याच्या खालून २५×२५ चा एक आडवा पाईप, थेट पायाच्या रेषेत. प्लाय मध्ये लवत होता, ते थांबलं.

हब फिरू नये म्हणून खाली गोल प्लेटला तीन भोकं, ०, ४५ आणि ९० अंशांवर, त्यात खिट्टी.

आईने परत थापली. या वेळी काही बोलली नाही, दुसरी घेतली, तिसरी घेतली, पाचव्या भाकरीनंतर म्हणाली तवा जरा जवळ पाहिजे. मग मला कळलं की ओटा झाला.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान करून आले, मग धायरी. सगळं लोखंड घासून रेड ऑक्साइड, वर काळा रंग. रिसीव्हरच्या आत रंग नाही, तिथे फक्त ग्रीस. तपकीर गल्लीतून १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणली, झाकणाच्या आतल्या बाजूला लावली.

२३-२४ नोव्हेंबर, शनिवार-रविवार

पानशेतच्या पुढे, पाण्याच्या कडेला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात. विचारून गेलो, नेहमीच विचारतो.

पोचल्यावर मागचं दार उघडलं तर पिवळं. डब्यांचा ड्रॉवर वाटेत खड्ड्यांनी स्वतःहून उघडला, मिसळणाचा डबा आडवा, हळद सगळ्या पेटीभर आणि बाबांच्या अंथरुणावर. टेलिस्कोपिक चॅनलची स्वतःची पकड घरात पुरते, रस्त्यावर पुरत नाही. प्रत्येक ड्रॉवरला टॉगल लॅच पाहिजे, हे मी आधी केलं नाही याचं वाईट वाटलं कारण आईने तो डबा घरून नीट भरून आणला होता.

जोडणीला बारा मिनिटं. पेटी उचलायला दोघं लागतात, ड्रॉवर आधी काढून घेतले की हलकी जाते.

सिलेंडर जमिनीवर उभा, दीड मीटरची नारिंगी सुरक्षा ट्यूब, जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बघितलं. प्रवासात तो रेग्युलेटर काढून, टोपी लावून, उभा बांधून, काचा थोड्या खाली ठेवून आणला. आधी छोट्या ब्युटेनच्या कॅनची शेगडी घ्यायचा विचार होता, पण ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळतो, थंडीत कॅन वापरता वापरता गार पडत जातो आणि पहाटे चहालाच जाळ बसतो. सिलेंडर जड आहे पण सकाळी सहाला, धुकं पाण्यावर असताना, पहिल्याच काडीला निळा जाळ आला.

वारा मात्र त्रास देतो. पाण्यावरून सरळ येतो आणि भाकरी तव्यावरून काढून जाळावर फुगवायला टाकली की जाळ पळतो. पत्र्याचा आडोसा तीन बाजूंनीच करायचाय, चारही बाजूंनी बंद केला तर उष्णता खाली ट्यूबकडे येईल.

रात्री पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. चौदा भाकऱ्या, सगळ्या आईने उभ्याने. एलईडीच्या उजेडात ती ओट्यापाशी उभी आणि बाबा शेजारी कांदा फोडताहेत, मी फोटो काढायला विसरले.

भांडी घासलेलं पाणी बादलीत धरून लांब रानात, पाण्यापासून दूर, खड्डा करून ओतलं. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला, याच साखळीचं पाणी आपण पुण्यात पितो, त्याच काठावर साबण सोडायचा हे मनाला पटत नाही. पुढच्या वेळी सिंकखाली झाकणाचा डबाच लावणार.

१ डिसेंबर, रविवार

टॉगल लॅच सहा, बोहरी आळीतून. डब्यांच्या ड्रॉवरला आत आडव्या पट्ट्या, डबे आता हलत नाहीत. पत्र्याचा आडोसा ८ इंच उंच, पियानो बिजागरीने दुमडतो. सिंकखाली दहा लिटरचा कॅन. चार बोल्ट पाना लावून तपासले, एक पाव फेरा ढिला झाला होता, बाकी तीन घट्ट. प्रत्येक ट्रिपनंतर तपासायचे असं झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवलं.

८ डिसेंबर, रविवार

परत तिथेच, एका दिवसासाठी. ड्रॉवर बंद राहिले. आडोशाने जाळ टिकला, भाकरी टम्म फुगली.

पण काठाची माती ओली होती आणि जॅकचा पाय आईच्या आठव्या-नवव्या भाकरीपर्यंत दोन बोटं रुतला, तेवढ्यात ओटा परत हलायला लागला. बाबांनी खाली चपटा दगड सरकवला, मी अर्धा फेरा आवळला, आईने तोवर परात हातात धरून ठेवली होती. ६ इंची, ६ मिमीची प्लेट पायाला लावायची आहे, काकांना फोन केलाय, गुरुवारी कापून ठेवतो म्हणाले. आईला शिवाय ओट्याच्या कडेला टॉवेल अडकवायला दांडी हवी आहे.